खेळाचे हित आणि घरातील हिंसा : व्यावसायिक क्रीडा-लीगांच्या शिस्तसंहितांचे एक वाचन

१. विषयाची मांडणी

व्यावसायिक क्रीडा-लीग ही एक खासगी संस्था असते. परंतु तिचे काही अधिकार न्यायसंस्थेची आठवण करून देणारे असतात. ती चौकशी करते, साक्षी नोंदवते, निकाल देते, शिक्षा ठोठावते आणि अपिलाचीही सोय ठेवते. हे अधिकार मैदानावरील वर्तनापुरते मर्यादित होते, तोवर त्यांची चर्चा क्रीडासमीक्षेच्या बाहेर फारशी झाली नाही. खेळाडूने आपल्या पत्नीला वा सहचारिणीला केलेली मारहाण या शिस्तसंहितांच्या कक्षेत आली, तेव्हा मात्र चर्चेचे स्वरूप पालटले. साक्ष कोणाची मानायची, मौनाचा अर्थ कसा लावायचा, अपराधाचे माप कशाने ठरवायचे आणि क्षमायाचना कोणाला उद्देशून असते, हे प्रश्न पुढे आले. कायद्याच्या अभ्यासकांइतकेच ते साहित्याच्या अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. निवेदक कोण, श्रोता कोण आणि ज्याच्याविषयी बोलले जात आहे त्याला बोलण्याची जागा आहे काय, ही विचारणा कोणत्याही संहितेच्या वाचनात अटळ असते.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अमेरिकेतील फुटबॉल, बेसबॉल आणि बास्केटबॉल या खेळांच्या लीगांचा व्यवहार तपासला आहे. तुलनेसाठी ऑस्ट्रेलिया आणि भारत येथील एकेक उदाहरण घेतले आहे. लीगांची शिस्तसंहिता मुळात खेळाच्या प्रतिष्ठेच्या रक्षणासाठी घडली, आणि कौटुंबिक हिंसेचा विचारही दीर्घकाळ त्याच साच्यातून झाला, असे येथे प्रतिपादन आहे. त्यामुळे शिक्षेचे माप पुष्कळदा कृत्याच्या गांभीर्यापेक्षा त्या कृत्याच्या दृश्यतेवरून ठरत गेले. जिच्यावर हिंसा झाली ती स्त्री या संहितेत साक्षीदार म्हणून येते; पक्षकार म्हणून येत नाही.

२. आयुक्तपदाचा उगम आणि ‘खेळाचे हित’

अमेरिकन लीगमधील आयुक्त हे पद बेसबॉलमधील जुगाराच्या प्रकरणातून निर्माण झाले. १९१९ च्या जागतिक मालिकेत शिकागो व्हाइट सॉक्स संघाच्या काही खेळाडूंनी पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप झाला. बेसबॉलवरील लोकांचा विश्वास डळमळला, तेव्हा संघमालकांनी १९२० मध्ये केनेसॉ माउंटन लँडिस या संघराज्यीय न्यायाधीशाला व्यापक अधिकार देऊन आयुक्त नेमले. ऑगस्ट १९२१ मध्ये शिकागोच्या ज्युरीने आरोपी खेळाडूंना निर्दोष ठरवले. त्याच्या दुसऱ्याच दिवशी लँडिस यांनी आठ खेळाडूंवर आजन्म बंदी घातल्याचे जाहीर केले. न्यायालयाचा निकाल काहीही असो, खेळाच्या हितासाठी स्वतंत्र निर्णय घेण्याचा अधिकार आयुक्ताला आहे, हा दंडक तेथे पडला.

हा पूर्वेतिहास दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. पहिले असे की, ‘खेळाच्या हितास बाधक वर्तन’ ही संज्ञा जुगाराच्या संदर्भात घडली. प्रेक्षकाचा विश्वास उडणे, ही हानी तिने गृहीत धरलेली होती; एखाद्या व्यक्तीच्या शरीराला वा सुरक्षिततेला पोहोचणारी हानी तिच्या मूळ आशयात नव्हती. दुसरे असे की, ‘न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत लीग काही करू शकत नाही’ हे स्पष्टीकरण कौटुंबिक हिंसेच्या बाबतीत अनेक दशके दिले जात राहिले. जुगाराच्या बाबतीत लीगने असा संकोच कधी केला नव्हता. अधिकार होता, तो कोठे वापरायचा याची निवड होत होती.

या निवडीमागे ‘घरातली गोष्ट’ ही धारणा होती. निवृत्त फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याने १९८९ मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपाला न्यायालयात विरोध न करण्याची भूमिका घेतली आणि त्याला शिक्षाही झाली. तरी दूरचित्रवाणीवरील क्रीडानिवेदक म्हणून त्याची कारकीर्द चालू राहिली. १९९४ मध्ये त्या घटस्फोटित पत्नीचा खून झाला आणि सिम्पसनवर खटला भरला गेला, तेव्हा जुन्या मारहाणीची कागदपत्रे सर्वांसमोर आली. १९९५ मध्ये फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. आधीच्या प्रसंगाची नोंद कोणाला दिसत नव्हती असे नव्हे. तिला सार्वजनिक अर्थ आहे असे कोणाला वाटले नव्हते. नॅशनल फुटबॉल लीगने (यापुढे ‘फुटबॉल लीग’) १९९७ मध्ये हिंसक गुन्ह्यांविषयीचे धोरण आखले. पुढे त्याचा विस्तार ‘वैयक्तिक आचरण धोरण’ या नावाने झाला. कौटुंबिक हिंसेसाठी ठरावीक शिक्षा मात्र त्यात नव्हती. सारे आयुक्ताच्या विवेकावर सोपवलेले होते.

३. एक घटना, दोन चित्रफिती

या विवेकाची कसोटी २०१४ मध्ये लागली. बाल्टिमोर रेव्हन्स या संघाचा धावपटू रे राइस याने १५ फेब्रुवारी रोजी न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी येथे एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या वाग्दत्त वधूला ठोसा मारला. ती बेशुद्ध पडली. चारच दिवसांनी एका वृत्तसंस्थेने प्रसृत केलेल्या चित्रफितीत राइस तिला लिफ्टमधून बाहेर ओढत असल्याचे दिसत होते. ठोसा मारल्याचे दृश्य त्या चित्रफितीत नव्हते. मार्चअखेर ग्रँड ज्युरीने राइसवर गंभीर मारहाणीचा आरोप निश्चित केला. दुसऱ्या दिवशी त्या दोघांचा विवाह झाला. मे महिन्यात न्यायालयाने त्याला खटल्याऐवजी सुधारणा-कार्यक्रमाचा मार्ग दिला. २४ जुलै रोजी लीगने त्याला दोन सामन्यांसाठी निलंबित केले.

या दोन सामन्यांच्या शिक्षेवर मोठी टीका झाली. त्याच ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका खेळाडूला अमली पदार्थांविषयीच्या धोरणाखाली संपूर्ण हंगामासाठी निलंबित करण्यात आले होते (ही शिक्षा पुढे कमी झाली). अमली पदार्थांसाठी संघटनेशी करार करून आखलेली मोजपट्टी होती, हिंसेसाठी नव्हती. आणि मोजपट्टी नसल्याचा लाभ हिंसा करणाऱ्याला मिळाला होता. २८ ऑगस्ट रोजी आयुक्त रॉजर गुडेल यांनी संघमालकांना पत्र लिहून आपला निर्णय चुकल्याचे मान्य केले. पहिल्या अपराधास सहा सामन्यांचे विनावेतन निलंबन आणि दुसऱ्यास किमान एक वर्षाची हकालपट्टी, असे नवे प्रमाण त्यांनी घोषित केले. ८ सप्टेंबर रोजी लिफ्टच्या आतील दुसरी चित्रफीत प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी संघाने राइसचा करार संपवला आणि लीगने त्याला अनिश्चित काळासाठी निलंबित केले.

येथे विचारात घ्यावयाची बाब ही की, पहिल्या आणि दुसऱ्या चित्रफितीच्या दरम्यान घटना बदललेली नव्हती. बेशुद्ध स्त्री पहिल्या चित्रफितीतही दिसत होती. ती बेशुद्ध कशी झाली, हे आरोपपत्रात नमूद होते. माजी संघराज्यीय न्यायाधीश बार्बरा जोन्स यांच्यासमोर अपील चालले. जूनमधील भेटीत राइसने लीगपासून सत्य दडवल्याचे त्यांना आढळले नाही. एकाच कृत्यासाठी पुन्हा शिक्षा देणे मनमानीचे ठरते, असा निर्णय देऊन नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी अनिश्चित निलंबन रद्द केले. माजी एफबीआय संचालक रॉबर्ट म्यूलर यांचा अहवाल जानेवारी २०१५ मध्ये आला. आतील चित्रफीत लीगमधील कोणी आधी पाहिल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र लीगने अधिक तपास करावयास हवा होता, असा ठपका त्यांनी ठेवला. सप्टेंबरमध्ये बदलले ते एवढेच : लीगला शब्दांत माहीत असलेली गोष्ट आता प्रेक्षकाला दृश्यात दिसली. राइस त्यानंतर फुटबॉल लीगमध्ये खेळला नाही.

या प्रकरणातील आनुषंगिक संहिताही बोलक्या आहेत. २३ मे रोजी संघाने पत्रकार परिषद घेतली, तीत राइससोबत त्याची पत्नीही बसली होती. त्याने संघमालक, व्यवस्थापक, प्रशिक्षक आणि चाहते यांची माफी मागितली. पत्नीची माफी त्या दिवशी जाहीरपणे मागितली गेली नाही. ती ३१ जुलैच्या निवेदनात आली. उलट, त्या रात्रीच्या प्रसंगातील स्वतःच्या वाट्याबद्दल तिला खेद वाटत असल्याचा संदेश संघाच्या अधिकृत खात्यावरून प्रसारित झाला. सप्टेंबरमध्ये तो संदेश काढून टाकण्यात आला. क्षमायाचनेचा संबोध्य कोण, हे पाहिले की अपराध कोणाविरुद्ध घडला असे संस्थेला वाटते ते कळते. मे महिन्यातील निवेदनात अपराध संघाविरुद्ध घडलेला होता. जखमी व्यक्ती तेथे प्रसंगाची सहभागीदार झाली होती.

४. नव्या धोरणांची रचना

२०१४ नंतर प्रमुख लीगांनी आपापल्या संहिता नव्याने लिहिल्या. त्यांतील भेद वरवर तांत्रिक वाटले, तरी ते भिन्न दृष्टिकोन सूचित करतात. फुटबॉल लीगने डिसेंबर २०१४ मध्ये आचरण धोरण सुधारले. स्वतंत्र तपास, फौजदारी निकालाची वाट न पाहता निर्णय, हिंसक गुन्ह्याचा आरोप निश्चित झाल्यास सवेतन सक्तीची रजा आणि सहा सामन्यांचे आधारभूत निलंबन ही त्याची मुख्य कलमे होत. हे धोरण एकतर्फी लादले गेल्याची खेळाडू संघटनेची तक्रार होती. २०२० च्या सामूहिक करारानंतर प्राथमिक निर्णय दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे गेला. अपिलाचे सूत्र आयुक्ताकडे राहिले.

बेसबॉलचा मार्ग निराळा होता. मेजर लीग बेसबॉल आणि तिची खेळाडू संघटना यांनी ऑगस्ट २०१५ मध्ये कौटुंबिक हिंसा, लैंगिक अत्याचार आणि बालकांचा छळ यांविषयी संयुक्त धोरण स्वीकारले. त्यात किमान वा कमाल शिक्षा ठरवलेली नाही. तपासासाठी खेळाडूला प्रारंभी सात दिवसांपर्यंत सवेतन रजेवर पाठवता येते, दोषसिद्धी नसतानाही शिक्षा देता येते आणि शिक्षेविरुद्ध लवादाकडे दाद मागता येते. उपचार व समुपदेशन यांची आखणी करण्यासाठी या विषयातील तज्ज्ञ आणि दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी यांचे संयुक्त मंडळ असते. बास्केटबॉलमध्ये शार्लट हॉर्नेट्स संघाच्या जेफरी टेलर याला मारहाणीची कबुली दिल्यानंतर नोव्हेंबर २०१४ मध्ये २४ सामन्यांसाठी निलंबित केले गेले. २०१७ च्या सामूहिक करारात तेथेही संयुक्त धोरण आले.

शिक्षेचे एकक ‘सामना’ असल्याने या संख्यांची तुलना जपून करावी लागते. फुटबॉल लीगमध्ये २०२० पर्यंत हंगाम १६ सामन्यांचा होता (२०२१ पासून १७), बास्केटबॉलमध्ये ८२ आणि बेसबॉलमध्ये १६२. फुटबॉलमधील सहा सामने म्हणजे तेव्हाच्या हंगामाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग. बेसबॉलमधील तीस सामने पाचव्या हिश्श्याहूनही कमी. वरवर मोठी दिसणारी संख्या प्रत्यक्षात लहान असू शकते. तुरुंगवासाचे वर्ष सर्वांना सारखे असते. निलंबनाचा सामना तसा नसतो. हिंसेचे माप खेळाच्या दिनदर्शिकेत मोजले जाते, ही गोष्टही हा अपराध खेळाच्या चौकटीतच कल्पिला गेल्याची खूण आहे.

या सर्व धोरणांचा समान पाया म्हणजे मालक आणि कामगार यांच्यातील नाते. एका बाजूस लीग, दुसऱ्या बाजूस खेळाडू संघटना. संघटनेचे कर्तव्य आपल्या सदस्याचा बचाव करण्याचे असते, आणि कामगार-हक्कांच्या दृष्टीने ते योग्यही आहे. या द्विपक्षीय रचनेत तिसरा पक्ष नाही. पीडित स्त्रीला मदत आणि माहिती देण्याच्या तरतुदी आहेत. पण निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार तिला नाही, शिक्षा वाढावी वा कमी व्हावी असे म्हणण्याची औपचारिक जागाही नाही.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद स्त्रियांच्या बास्केटबॉल लीगमध्ये आढळतो. २०१५ मध्ये ब्रिटनी ग्राइनर आणि ग्लोरी जॉन्सन या परस्परांच्या वाग्दत्त जोडीदार असलेल्या दोन खेळाडूंना घरातील हाणामारीबद्दल अटक झाली. लीगने दोघींना प्रत्येकी सात सामन्यांसाठी निलंबित केले. तेथे दोन्ही व्यक्ती त्याच लीगच्या खेळाडू होत्या. घरातील दुसऱ्या व्यक्तीला संहितेत पक्षकाराचे स्थान मिळाले, ते तीही खेळाडू असल्यामुळे.

५. साक्ष आणि मौन

फौजदारी न्यायालयात संशयापलीकडची सिद्धता लागते. लीगला विश्वसनीय पुरावा पुरतो. हा फरक २०१४ नंतर निर्णायक ठरला, कारण कौटुंबिक हिंसेचे खटले पुष्कळदा साक्षीअभावी कोसळतात. कॅरोलायना पँथर्सचा ग्रेग हार्डी याला जुलै २०१४ मध्ये न्यायाधीशाने दोषी ठरवले होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यानुसार त्याने ज्युरीसमोर नव्याने खटला मागितला. फिर्यादी स्त्री उपलब्ध न झाल्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये आरोप मागे घेतले गेले. लीगने स्वतंत्र तपास करून त्याला दहा सामन्यांचे निलंबन दिले. लवादाने ते चारवर आणले. त्याच वर्षी डॅलसच्या संघाकडून तो मैदानात उतरला. नोव्हेंबरमध्ये त्या स्त्रीच्या जखमांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि राइस प्रकरणातील क्रम पुन्हा अनुभवास आला. माहिती जुनी होती, क्षोभ नवा होता.

बेसबॉलपटू होसे रेयेस याच्यावरील आरोप पत्नीने सहकार्य न केल्याने मागे घेतले गेले. तरी २०१६ मध्ये लीगने त्याला ५१ सामन्यांसाठी निलंबित केले. टोरंटोचा गोलंदाज रोबेर्तो ओसुना याला २०१८ मध्ये ७५ सामन्यांची शिक्षा झाली; फिर्यादी स्त्री मेक्सिकोला परतली होती आणि साक्षीस येणार नव्हती, म्हणून कॅनडातील न्यायालयात शांतता राखण्याच्या हमीवर आरोप मागे घेतला गेला. या उदाहरणांत स्त्रीचे मौन दोन संस्थांनी दोन प्रकारे वाचले. न्यायालयाच्या दृष्टीने ते पुराव्यातील पोकळी होते. लीगने ती पोकळी अन्य पुराव्याने भरून काढली.

मौनाला स्वतःची कारणे असतात, हे मात्र दोन्ही वाचनांत अव्यक्त राहते. खेळाडूचे वेतन थांबले तर तेच घर तोट्यात जाते. करार संपला तर मुलांचे पालनपोषण, निर्वाहभत्ता, परकीय खेळाडूच्या कुटुंबाचे देशातील वास्तव्य, सारेच अनिश्चित होते. शिक्षा जितकी कठोर, तितकी तक्रार करण्याची किंमत अधिक. म्हणून कठोरता हा एकमेव निकष मानणाऱ्या टीकेलाही मर्यादा आहे. एका अपराधात कायमची हकालपट्टी, हा नियम चाहत्याला नैतिक समाधान देईल. पण ज्या घरात पुढचा प्रसंग घडू शकतो, तेथील दूरध्वनी त्यामुळे अधिक काळ मुका राहण्याचा संभव आहे.

याची दुसरी बाजूही नोंदवावयास हवी. २०१७ मध्ये डॅलसच्या इझिकिएल एलियट याला लीगने सहा सामन्यांसाठी निलंबित केले. ओहायोतील अभियोक्त्यांनी आरोप दाखल केले नव्हते आणि एलियटने आरोप नाकारले होते. लीगचा तपास वर्षभराहून अधिक चालला. तपास करणाऱ्या अधिकारी स्त्रीला फिर्यादीच्या कथनाविषयी शंका होत्या आणि त्या निर्णयप्रक्रियेत पुरेशा पोहोचल्या नाहीत, असा खेळाडू संघटनेचा आक्षेप होता. प्रकरण अनेक न्यायालयांत फिरले. तेथे झालेला वाद संघटनेने दावा मुदतीपूर्वी दाखल केला काय आणि लवादाची प्रक्रिया न्याय्य होती काय, यावर होता. घरात काय घडले, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाने निकालात काढला नाही. शेवटी एलियटने शिक्षा भोगली, परंतु दोघांच्याही कथनाला खुल्या न्यायासनासमोरचा निर्णय मिळाला नाही. लीगने न्यायालयापासून स्वातंत्र्य मिळवले. न्यायालयातील उलटतपासणी, खुली नोंद आणि सकारण निकालपत्र ही साधने मात्र तितक्या प्रमाणात आत्मसात केली नाहीत.

लिखित पुराव्याचे एक उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला विशेष विचार करायला लावणारे आहे. न्यूयॉर्क जायंट्सचा जॉश ब्राउन याला २०१६ मध्ये एका सामन्याची शिक्षा झाली होती. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातील पोलीस दप्तरातील कागदपत्रे खुली झाली. त्यांत पत्नीवरील अत्याचाराची कबुली देणारे त्याचे स्वतःचे दैनंदिनी-लेखन होते. संघाने त्याला काढले आणि पुढील वर्षी लीगने आणखी सहा सामन्यांचे निलंबन दिले. पत्नीचे सांगणे तपासाला अपुरे वाटले होते; तेच पतीच्या हस्ताक्षरात आल्यावर पुरेसे ठरले.

६. पुनरागमनाची बाजारपेठ

शिक्षा भोगल्यावर खेळाडूचे काय, याचे उत्तर धोरणापेक्षा बाजार देतो. बेसबॉलच्या नव्या धोरणाखाली पहिली शिक्षा अरोल्डिस चॅपमन या वेगवान गोलंदाजाला झाली : मार्च २०१६ मध्ये ३० सामने. फौजदारी आरोप दाखल झाले नव्हते, सहचारिणीला इजा केल्याचे त्याने नाकारले होते. बंदुकीचा वापर चुकीचा होता हे त्याने मान्य केले. डिसेंबर २०१५ मध्ये प्रकरणाची बातमी येताच लॉस एंजेलिस संघाशी होऊ घातलेला व्यवहार फिसकटला. काही आठवड्यांतच न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला मिळवले. परिस्थितीमुळे किंमत उतरली होती, हे त्या संघाच्या व्यवस्थापकाने आडपडदा न ठेवता सांगितले. जुलैमध्ये तो शिकागो कब्जकडे गेला, त्या संघाने १९०८ नंतर प्रथमच जागतिक मालिका जिंकली, आणि डिसेंबरमध्ये यांकीजने त्याच्याशी पाच वर्षांसाठी ८.६ कोटी डॉलरचा करार केला. एका वर्षात हिंसेचा आरोप हा किमतीतील सवलतीचे कारण झाला आणि नंतर किमतीतून नाहीसाही झाला.

ओसुनाला २०१८ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने घेतले. अशा वर्तनाबाबत आपले धोरण ‘शून्य सहिष्णुतेचे’ आहे, असे सांगतच संघाने हे केले. ते धोरण पुढील वर्तनाला लागू असल्याचा खुलासा जोडला गेला. ऑक्टोबर २०१९ मध्ये विजयोत्सवाच्या वेळी संघाच्या एका साहाय्यक महाव्यवस्थापकाने स्त्री पत्रकारांच्या दिशेने, ओसुनाला घेतल्याचा आपल्याला आनंद आहे, असे शिवराळ भाषेत ओरडून सांगितले. वृत्त प्रसिद्ध होताच संघाने पत्रकार स्त्रीवरच बेजबाबदारपणाचा आरोप केला. अन्य साक्षीदारांनी दुजोरा दिल्यावर तो अधिकारी बडतर्फ झाला आणि संघाला माफी मागावी लागली. पीडितेच्या साक्षीवर येणारा पहिला अविश्वास येथे वार्ताहर स्त्रीच्या साक्षीवरही आला.

७. तौलनिक दृष्टिक्षेप

अमेरिकेबाहेर प्रश्नाची मांडणी काहीशी बदलते. ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीगने फेब्रुवारी २०१९ मध्ये दोषारोपाविना दूर ठेवण्याचा नियम केला. ज्या गुन्ह्याला ११ वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा होऊ शकते, त्याचा आरोप दाखल होताच खेळाडू पूर्ण वेतनावर सामन्यांबाहेर राहतो. कमी गंभीर गुन्ह्यांत, विशेषतः स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धच्या, लीगला विवेकाधिकार आहे. लैंगिक गुन्ह्याचा आरोप असलेल्या एका खेळाडूने या नियमाला आव्हान दिले; मे २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने ते फेटाळले. दोन ज्युरींचे एकमत न झाल्याने २०२१ मध्ये त्याच्यावरील आरोप मागे घेतले गेले; तोवर दोन वर्षांहून अधिक काळ तो मैदानाबाहेर होता. या नियमात लीग घटनेविषयी स्वतःचे कथन रचत नाही. वेतन चालू राहिल्याने घरावरचा आर्थिक भार टळतो. मात्र निर्दोष व्यक्तीची वर्षे परत मिळत नाहीत. भौगोलिक मर्यादाही आहेच. लॉस एंजेलिसचा आइस हॉकीपटू स्लावा वोयनोव याला पत्नीवरील अत्याचाराच्या प्रकरणात २०१५ मध्ये शिक्षा झाली. अमेरिकेतील लीगचे दार बंद असताना तो रशियात खेळला आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या संघात होता.

भारतात कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा. तो ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला. त्याची व्याख्या शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला सामावून घेते. त्यातील ‘पीडित व्यक्ती’ स्वतः अर्जदार असते. संरक्षण, निवास आणि निर्वाह यांचे आदेश ती मागू शकते. लीगांच्या संहितेत नसलेले कर्तेपण तिला येथे व्याकरणातच मिळाले आहे. क्रीडासंस्थेची भाषा मात्र वेगळी राहिली. मार्च २०१८ मध्ये एका भारतीय वेगवान गोलंदाजाच्या पत्नीने त्याच्यावर घरगुती छळाचे आणि भ्रष्ट व्यवहाराचेही आरोप केले. त्याने ते नाकारले. क्रिकेट नियामक मंडळाने त्याचा वार्षिक करार रोखून धरला आणि चौकशी भ्रष्टाचारविरोधी पथकाकडे सोपवली. भ्रष्टाचाराचा आरोप निराधार ठरताच त्याच महिन्यात करार देण्यात आला. छळाचा प्रश्न पोलीस आणि न्यायालय यांच्याकडे राहिला. आरोप खरे की खोटे, हा येथे मुद्दा नाही. एकाच तक्रारीतील दोन वाक्यांपैकी संस्थेला एकच वाक्य वाचता आले, हा मुद्दा आहे. १९२० च्या शिकागोत घडलेला साचा २०१८ च्या मुंबईत तसाच दिसतो. खेळाच्या विश्वासार्हतेला धक्का देणारा अपराध संस्थेला तत्काळ कळतो. घरातला अपराध कळण्यासाठी तिच्यापाशी शब्द नसतात.

८. समारोप

गेल्या दशकातील बदल नाकारता येत नाहीत. कौटुंबिक हिंसा हा खासगी विषय आहे, असे आज कोणतीही प्रमुख अमेरिकन लीग उघडपणे म्हणत नाही. निलंबन, स्वतंत्र तपास, समुपदेशन आणि प्रशिक्षण या गोष्टी सामूहिक करारांत आल्या आहेत. तरीही राइसची लिफ्ट, हार्डी प्रकरणातील छायाचित्रे आणि ब्राउनची दैनंदिनी ही तिन्ही उदाहरणे एकाच दिशेने बोट दाखवतात. संस्थेला आधीच सांगितले गेलेले, परंतु तिने अपुरे मानलेले सत्य, सर्वांना दिसल्यावर शिक्षेस पात्र ठरले. ज्या घरात कॅमेरा नाही आणि ज्या पतीला दैनंदिनी लिहिण्याची सवय नाही, तेथील स्त्रीपाशी स्वतःचा शब्द तेवढा उरतो. त्या एका शब्दाला चित्रफितीशिवाय किती वजन आहे, यावरच या धोरणांची परीक्षा व्हावयास हवी.

त्यासाठी शिक्षेचे आकडे वाढवणे पुरेसे नाही. निर्णय होण्यापूर्वी पीडितेचे म्हणणे तिच्या अटींवर ऐकले जाणे, खेळाडूलाही उलटतपासणीची आणि सकारण निकालाची हमी असणे, आणि शिक्षेचा आर्थिक भार घरावर पडणार असेल तर त्याचा विचार त्याच आदेशात होणे, एवढ्या तीन गोष्टी सध्याच्या द्विपक्षीय करारातही बसवता येण्याजोग्या आहेत. तसे झाले, तर खेळाच्या हिताच्या व्याख्येत खेळाडूच्या घरातील माणसांच्या हिताचाही समावेश होईल.